थंडी बाधणे : वडूजच्या परिसरातील एका लक्षणाचा इतिहास

मराठीत थंडीला दोन क्रियापदे आहेत. थंडी वाजते ती सगळ्यांना, थंडी बाधते ती एखाद्यालाच. वाजणारी थंडी शेकोटीजवळ बसले की जाते. बाधणारी थंडी चुलीपुढे बसूनही हाडातून निघत नाही. हातपाय गार पडतात, दुपारच्या उन्हातही पदर लपेटून घ्यावासा वाटतो, इतरांना सुखाचा वाटणारा वारा अंगावर काटा आणतो. असे सांगणारी व्यक्ती बहुतेक वेळा बाई असते. हे गाऱ्हाणे फार जुने आहे. त्याची पारख करण्याच्या रीती मात्र अनेक झाल्या आणि प्रत्येकीच्या नजरेतून काही ना काही सुटत गेले.

वडूज हे सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण, येरळा नदीच्या काठी वसलेले. येरळा याच तालुक्यात मोळच्या बाजूच्या डोंगरात उगम पावते आणि पुढे सांगली जिल्ह्यात उतरून ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा पठारी मुलूख आहे. पाऊस थोडा, झाडी विरळ, हवा कोरडी. अशी जमीन दिवसा लवकर तापते आणि सूर्य कलला की तितक्याच लवकर निवते. डिसेंबर-जानेवारीत दुपारी अंगातले स्वेटर काढून ठेवावे लागते, तर पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते ती याच दिवसांत. हिमालयातल्यासारखी ही थंडी जीवघेणी नाही, पण घरातल्या कोणाला ती सोसते आणि कोणाला सोसत नाही हे दाखवायला पुरेशी आहे.

थंडीशी झगडण्याचे इथले मुख्य साधन घोंगडे. खटाव, माण, जत, कवठेमहांकाळ हा मेंढरांचा पट्टा आहे. दख्खनी मेंढीची काळी, राठ लोकर धनगर कातरत, बायका ती पिंजून-कातून सूत काढत आणि सनगर मागावर घोंगडी विणत. ताण्याला चिंचोक्याची खळ लावली जाई, त्यामुळे घोंगडे ताठ राहते आणि पाऊस-वारा लवकर आत शिरू देत नाही. म्हसवडच्या घोंगड्यांना या भागात मान होता. आता अंगावरच्या वस्त्रांचा हिशेब केला तर एक गोष्ट नजरेत भरते. घोंगड्याची खोळ करून मेंढका रानात रात्र काढी, कारभारी पहाटे मोटेवर किंवा खळ्यावर जाताना घोंगडे खांद्यावर टाकी. त्याच घरातली बाई पहाटे आडावर पाणी शेंदे, शेणकूर करी, येरळेच्या पाण्यात उभी राहून धुणे धुई, तेव्हा तिच्या अंगावर लुगडे आणि चोळी एवढेच असे. नऊवारीच्या काष्ट्याने पोटऱ्या उघड्या राहत. रात्री तिच्या वाट्याला वाकळ येई, तीही लेकरांबरोबर. लोकरीचे सूत बायकांच्या हातचे आणि घोंगड्याची ऊब मुख्यतः पुरुषांच्या अंगावर, अशी ही वाटणी होती. त्यामुळे एखादीला थंडी जास्त वाजते ती अंगात काही बिघडले म्हणून की अंगावर काही नाही म्हणून, हे बाहेरून सांगणे कठीण होते. कोणी ते विचारतही नसे.

बाईच्या थंडीची दखल घर घेई ती एकाच प्रसंगी, बाळंतपणात. तिथे मात्र ती इतक्या काटेकोरपणे घेतली जाई की तिला तपासणीची पद्धत म्हणावे. बाळंतिणीची खोली घराच्या आतल्या बाजूला, झरोके बुजवलेले. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशोपा, वेखंड टाकून धुरी. सकाळी सुईण कोमट तेलाने अंग चोळी, मग कढत पाण्याचे न्हाणे, मग शेक. डोक्याला आणि कानांना घट्ट फडके, कारण वारा कानातून शिरतो अशी समजूत. गार पाण्याला हात लावायचा नाही, गार अन्न खायचे नाही. खाण्यात बाजरीची भाकरी, शेपू, सुंठ, मेथी, डिंकाचे आणि हळिवाचे लाडू. पाचव्या दिवशी सटवाईची पूजा आणि सव्वा महिना पुरा झाला की बाळंतीण बाहेर पडायला मोकळी.

या रीतीतले सगळेच हिताचे नव्हते. कोंदट खोलीत निखारे ठेवले की कोळशाचा विषारी वायू साठतो, तो आईला आणि बाळाला घातक असतो. भाजण्याचे अपघातही होत. पण या रीतीच्या दुसऱ्या बाजूकडेही पाहायला हवे. बाळंतपणानंतर पहिल्या तासात अनेक स्त्रियांना हुडहुडी भरते. रक्त गेलेले असते, घामही खूप येतो. ऊब, विश्रांती आणि तूपगुळाचा आहार ही त्या स्थितीवरची समंजस योजना होती. हळीव तर लोहाने समृद्ध आहे. याहून महत्त्वाची होती ती देखरेख. सुईण आणि आई रोज विचारत: अंगात कणकण आहे का, पाय गार पडतात का, दूध उतरले का, अंगावरून किती जाते. पहिले बाळंतपण माहेरी होत असल्याने विचारणारीने ती मुलगी लहानपणापासून पाहिलेली असे. आधी कशी होती आणि आता कशी आहे, हे तिला सांगता येई.

ही देखरेख सव्वा महिन्याने संपत असे. आणखी काही आठवड्यांनी लेकीची सासरी पाठवणी होई. तिथे तिचे पूर्वीचे रूप ठाऊक असलेले जवळ कोणी नसे. पुढे तिला थंडी बाधू लागली तर 'बाळंतपणात पथ्य नीट पाळलं नसंल' एवढे निदान पुरे. शेतमजूर आणि भूमिहीन घरांत तर सव्वा महिनाही मिळत नसे. दहा-बारा दिवसांत बाई खुरपे घेऊन रानात. दुसऱ्या बाळंतपणापासून खाण्या-पिण्यातली मोकळीकही कमी होत जाई. थंडीपासून जपण्याची ही रीत सगळ्या बायकांसाठी कधीच नव्हती, हे तिचा इतिहास सांगताना विसरता येत नाही.

घराबाहेरचा जाणकार म्हणजे वैद्य. आयुर्वेदात थंडी न सोसण्याला लक्षण म्हणून निश्चित जागा आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात रोग्याच्या दशविध परीक्षेत प्रकृती पाहायला सांगितले आहे आणि वातप्रकृतीची माणसे शीत-असहिष्णू असतात असे म्हटले आहे. वात वाढला की उष्ण गोष्टींची ओढ लागते, त्याला आयुर्वेदाचाच ग्रंथकार वाग्भट याने 'उष्णकामित्व' हा नेमका शब्द योजला. सर्वांत लक्षणीय नोंद पांडुरोगाची आहे. रक्त उणे होऊन अंग फिकट पडते त्या या रोगाच्या लक्षणांत चरकाने रोगी 'शिशिरद्वेषी' होतो, म्हणजे त्याला थंडीचा तिटकारा येतो, हेही नोंदवले आहे. उपचारात लोह आणि मंडूर (लोखंडाची कीट) यांचे कल्प आहेत. फिकटपणा, थंडी आणि लोह यांचा धागा इतक्या जुन्या काळी जुळलेला पाहून अचंबा वाटतो. आधुनिक प्रयोगशाळेत तो जुळायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला.

पण ग्रंथातले ज्ञान बाईपर्यंत पोचायला तिची परीक्षा व्हावी लागते. वैद्य पुरुष, विचारणारी सासू आणि उत्तर देणारीही सासूच, अशा बैठकीत नाडी बघून जेवढे कळे तेवढ्यावर काढा दिला जाई. पाळी किती दिवस चालते, अंगावरून किती जाते, दूध आले होते का, हे प्रश्न परक्या पुरुषापुढे निघत नसत. आणि बाईच्या थंडीचे मूळ बहुधा याच उत्तरांत दडलेले असते.

ही कोंडी फोडायला स्त्री डॉक्टर हव्यात, ही जाणीव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जोर धरू लागली. १८८६ साली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदू परंपरेतील प्रसूतिशास्त्र हा होता. अमेरिकेच्या हिवाळ्यात नऊवारीने पाय झाकले जात नाहीत म्हणून त्यांनी गुजराती धर्तीची साडी नेसायला सुरुवात केली. बाईच्या वस्त्राचा आणि तिच्या थंडीचा संबंध त्यांना स्वतःच्या अंगावर कळला होता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, प्रॅक्टिस सुरू होण्याआधीच, क्षयाने त्यांचे पुण्यात निधन झाले. सातारा-सांगलीच्या मुलखाला मोठे रुग्णालय मिळाले ते मिरजेत, १८९४ साली, विल्यम वॉनलेस यांच्या मिशनमुळे. वडूजहून तिथे जाणे म्हणजे त्या काळी बैलगाडीचा लांबचा प्रवास.

याच सुमारास युरोपात बाईच्या थंडीला पहिल्यांदा अवयवाचा पत्ता मिळत होता. १८७३ साली लंडनच्या विल्यम गल यांनी प्रौढ स्त्रियांत दिसणारी एक अवस्था वर्णन केली: चेहरा सुजकट, बोलणे संथ, कातडी कोरडी, हालचाल मंद. १८७८ मध्ये विल्यम ऑर्ड यांनी तिला मिक्सिडिमा हे नाव दिले. लंडनच्या क्लिनिकल सोसायटीने १८८३ साली समिती नेमली आणि १८८८ च्या अहवालात शंभरावर रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यात बहुसंख्य स्त्रिया होत्या, आणि थंडी सहन न होणे हे ठळक गाऱ्हाणे होते. मूळ कारण गळ्यातली थायरॉइड ग्रंथी निकामी होणे हे आहे, असा निष्कर्ष निघाला. ही ग्रंथी शरीराच्या भट्टीची आच ठरवते. तिचा स्राव कमी पडला की पेशी कमी उष्णता निर्माण करतात.

उपाय सापडला मेंढीत. १८९१ साली न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क ४६ वर्षांच्या एका स्त्रीला टोचला. थोड्याच महिन्यांत ती सुधारली आणि पुढे १९१९ पर्यंत जगली. तेवढ्या काळात तिच्या औषधासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, असा हिशेब नोंदला गेला. खटाव-माणच्या माळावर शतकानुशतके मेंढरे पाळली गेली, त्यांची लोकर माणसांना ऊब देत आली. त्याच जनावराच्या गळ्यात आतून ऊब देणारे औषध होते, हे तिथे कळण्याचा मार्ग नव्हता. १९१४ साली अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन वेगळे काढले आणि १९२० च्या दशकात ते प्रयोगशाळेत तयार होऊ लागले. आज याच थायरॉक्सिनची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घेतली जाते.

खटावच्या गावांत मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात 'थंडी' या शब्दावर दुसऱ्याच रोगाचा ताबा होता. थंडी वाजून ताप म्हणजे हिवताप. राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम १९५३ मध्ये आणि निर्मूलन कार्यक्रम १९५८ मध्ये सुरू झाला. घरोघर डीडीटीची फवारणी झाली. आरोग्य कर्मचारी पंधरवड्याने दारात येऊन विचारू लागला: घरात कोणाला थंडी-ताप आहे का? असेल तर बोटातून रक्त घेऊन काचपट्टी तयार करायची आणि क्लोरोक्विनच्या गोळ्या द्यायच्या. दारोदार फिरून थंडीची चौकशी करणारी सरकारी यंत्रणा ती हीच. हिवतापाचे काम तिने मोठ्या चिकाटीने केले. पण तिच्या प्रश्नातली थंडी तापाबरोबर येणारी होती. तापाशिवाय वर्षानुवर्षे गार पडलेल्या बाईने 'मला थंडी वाजते' म्हटले तर काचपट्टीवर काही सापडत नसे आणि चौकशी तिथेच थांबे. एका रोगाची चाचणी रूढ झाली की तोच शब्द वापरणारा दुसरा रोग झाकला जातो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

झाकल्या गेलेल्या रोगांतला सर्वांत दारुण रोग बाळंतपणातूनच येतो. गावागावांत अशा एखाद्या बाईची गोष्ट सांगितली जाते: बाळंत होताना फार रक्त गेले, कशीबशी वाचली, दूध उतरलेच नाही, पाळी परत आली नाही, आणि तेव्हापासून ती वाळत गेली. भर वैशाखात वाकळ पांघरून बसणारी, काम न उरकणारी, आळशी म्हणून बोलणी खाणारी. लोक याला बाळंतवात किंवा बाळंतरोग म्हणत आणि बाळंतिणीच्या खोलीत वारा शिरला असा दोष देत. १९३७ साली ग्लासगोच्या हॅरोल्ड शीहान यांनी अशा स्त्रियांचे शवविच्छेदन करून कारण दाखवले. गर्भारपणात मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी वाढते, पण तिचा रक्तपुरवठा त्या मानाने वाढत नाही. प्रसूतीत प्रचंड रक्तस्राव होऊन रक्तदाब कोसळला की ग्रंथीचा भाग मरतो. मग दूध आणणारा स्राव थांबतो, पाळीचा थांबतो, थायरॉइडला जागे ठेवणारा थांबतो. थंडी बाधते ती यामुळे.

घरच्या समजुतीने प्रसंग अचूक हेरला होता. आजार बाळंतपणातूनच आलेला असतो. चुकले ते कारण. वाऱ्याला दोष गेला आणि रक्तस्रावाकडे दुर्लक्ष झाले; त्याबरोबर दोष बाईच्या पथ्यावर येऊन पडला. या रोगाचे निदान व्हायला दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे लागलेली आढळतात. पाश्चात्त्य देशांत प्रसूतीची सोय सुधारल्यावर तो विरळा झाला, भारतात तो अजून भेटतो. तपासणीच्या दृष्टीने त्यात एक खोच आहे. थायरॉइडची नेहमीची चाचणी टीएसएच ही आहे. टीएसएच हा पियुषिकेचाच स्राव. पियुषिकाच मेली असेल तर तो आकडा सामान्य किंवा कमी येतो आणि अहवाल 'नॉर्मल' वाटतो. अशा वेळी थायरॉक्सिनची पातळी स्वतंत्रपणे मोजावी लागते. आणि ती मोजायची हे सुचण्यासाठी आधी प्रश्न विचारावा लागतो: बाळंतपणात रक्त किती गेले होते, दूध आले होते का?

थंडी बाधण्याचे सर्वांत सर्रास आढळणारे कारण मात्र पांडुरोग किंवा रक्तक्षय, म्हणजे रक्तातले हिमोग्लोबिन कमी असणे. त्याच्या अभ्यासाचा एक महत्त्वाचा टप्पा मुंबईत घडला. १९२८ मध्ये लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर गर्भवती स्त्रियांतल्या रक्तक्षयाचा शोध घेण्यासाठी मुंबईत आल्या. हाफकिन संस्थेत काम करताना त्यांनी गरीब वस्त्यांतल्या स्त्रियांचा आहार तपासला. यीस्टच्या अर्काने विशिष्ट प्रकारचा रक्तक्षय बरा होतो हे त्यांनी १९३१ मध्ये दाखवले. त्या अर्कातला घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. त्या काळी सातारा जिल्ह्यातली असंख्य माणसे मुंबईच्या गिरण्यांत पोटाला लागली होती. गावी राहिलेल्या बायकांना मनीऑर्डर आणि कोरडवाहू शेत यांवर घर चालवावे लागे.

१९७० साली केंद्र सरकारने पोषणविषयक रक्तक्षय प्रतिबंधाचा कार्यक्रम आखला आणि गर्भवतींना लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मिळू लागल्या. दोनच वर्षांनी १९७२ चा दुष्काळ आला. खटाव-माणच्या बायका रोजगार हमीचे पूर्वरूप असलेल्या दुष्काळी कामांवर खडी फोडायला बसल्या. वाटप होणारे सुकडी हे पूरक अन्न हा त्या दिवसांतला आधार. आहार तुटपुंजा, कष्ट अफाट, आणि पाळीतून व बाळंतपणांतून दर वेळी थोडे थोडे लोह बाहेर जाणारे: रक्तक्षय घडवणारी सारी कारणे एका जागी आली होती.

लोह कमी झाले की थंडी का वाजते, याचा उलगडा अमेरिकेतल्या जॉन बिअर्ड आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नीट दिसतो. रक्तक्षय असलेल्या आणि नसलेल्या स्त्रियांना २८ अंश तापमानाच्या पाण्यात बसवले. हे पाणी हाताला जेमतेम गार लागेल असे. निरोगी स्त्रियांनी शरीराचे तापमान बऱ्यापैकी टिकवले, रक्तक्षय असलेल्यांचे उतरले. त्यांच्या रक्तात थायरॉइडचे स्रावही कमी आढळले. काही आठवडे लोह दिल्यावर फरक बराचसा भरून निघाला. कारण दुहेरी आहे: उष्णता निर्माण करायला प्राणवायू लागतो आणि तो वाहून नेणारे रक्त कमी असते, शिवाय थायरॉइडचा स्राव घडवणाऱ्या विकरालाही लोह लागते. चरकाच्या 'शिशिरद्वेषी' रोग्याला मिळालेले हे स्पष्टीकरण.

भारतात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातही त्या पाहणीत प्रमाण निम्म्याहून जास्त होते. २०१८ पासून ॲनिमियामुक्त भारत हा कार्यक्रम चालू आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी, नवरात्राच्या पहिल्या दिवशी, महाराष्ट्र शासनाने 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' ही मोहीम सुरू केली. अठरा वर्षांवरील सर्व स्त्रियांची आरोग्यतपासणी हा तिचा उद्देश. त्यात वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर यांसारख्या तपासण्या गावपातळीपर्यंत नेण्यात आल्या. गर्भवती नसलेल्या, लेकरे मोठी झालेल्या, कोणत्याही योजनेच्या यादीत नाव नसलेल्या बाईच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला जाणे, ही या इतिहासातली मोठी घटना आहे. तोवर बहुतेक तपासण्या तिच्यातल्या आईच्या होत्या.

थंडी बाधते असे सांगणाऱ्या प्रत्येकीला थायरॉइडचा रोग असतो का, याचेही उत्तर शोधले गेले. १९६९ मध्ये ब्रिटनमधल्या बिलेविच आणि सहकाऱ्यांनी लक्षणांना गुण देऊन निदानाचा तक्ता बनवला. थंडी सहन न होण्याला त्यात चार गुण होते, पायाच्या घोट्याचा झटका संथ असण्याला पंधरा. १९९७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या झुलेव्स्की आणि सहकाऱ्यांनी हा तक्ता नव्याने पारखला, तेव्हा थंडीचे लक्षण त्यांना यादीतून गाळावेच लागले. निरोगी स्त्रियाही तेच गाऱ्हाणे सांगत होत्या. वजन कमी असणे, झोप अपुरी असणे, उपास, काही औषधे, यांनीही थंडी जास्त वाजते. स्त्रियांचे शरीर आकाराने लहान आणि त्या मानाने त्वचेचे क्षेत्र जास्त. गारठ्यात त्यांच्या बोटांकडचा रक्तप्रवाहही पुरुषांपेक्षा लवकर आखडतो. म्हणून केवळ थंडी वाजते यावरून औषध सुरू करणे चूक, आणि केवळ बायकांचे असेच असते म्हणून सोडून देणे ही त्याहून मोठी चूक.

काही वेळा थंडी सगळ्या अंगाला न बाधता फक्त बोटांना बाधते. पॅरिसच्या मोरिस रेनो यांनी १८६२ च्या प्रबंधात याचे वर्णन केले: गार पाणी लागताच बोटे पांढरी पडतात, मग निळसर, मग लाल होऊन ठणकतात. हाही प्रकार स्त्रियांत अधिक. पहाटेच्या पाण्यात भांडी घासणाऱ्या बाईला तो रोज भेटतो. सावळ्या कातडीवर पांढरेपणा पटकन दिसत नाही, म्हणून तळहात आणि नखे पाहावी लागतात, बोटे बधिर होतात का हे विचारावे लागते. बोटांवर जखमा होऊ लागल्या, कातडी ताणून घट्ट झाली किंवा सांधे धरले तर मागे संधिवाताच्या गटातला आजार असण्याची शक्यता असते.

आज ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात अशी बाई आली तर चौकशीचा क्रम साधारण ठरलेला आहे. थंडी नेहमीपासून वाजते की अलीकडे वाढली? ताप येतो का? पाळी किती दिवस आणि किती जाते? वजन वाढले की घटले? केस गळतात, आवाज घोगरा झाला, पोट साफ होत नाही, असे काही आहे का? शेवटचे बाळंतपण कधी झाले आणि रक्त किती गेले? मग पापणी आणि जीभ पाहणे, नाडी मोजणे, गळा चाचपणे. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली, गर्भवतीत ११ च्या खाली असेल तर लोहाची गोळी. लक्षणे जुळत असतील तर थायरॉइडची तपासणी. गर्भवतींपैकी जोखीम असलेल्यांची थायरॉइड तपासणी करावी, अशा सूचना केंद्र सरकारने २०१४ च्या डिसेंबरात दिल्या आहेत. सरसकट सर्व स्त्रियांची थायरॉइड तपासणी करावी की नाही, याबाबत मात्र जगभरच्या तज्ज्ञांत एकमत नाही.

बाळंतपणानंतरच्या देखरेखीचा जुना आणि नवा हिशेब शेजारी ठेवला तर एक विलक्षण साम्य दिसते. सव्वा महिना म्हणजे चाळिसेक दिवस. गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताई यांच्या गृहभेटींचे वेळापत्रक, रुग्णालयात प्रसूती झाली असेल तर, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवसाचे आहे. सुईणीचा आणि सरकारचा शेवटचा दिवस जवळजवळ एकच. बाळंतपणानंतर काही स्त्रियांच्या थायरॉइडला सूज येते आणि ग्रंथीचे काम मंदावते, ते बहुधा चौथ्या ते आठव्या महिन्यात. तेव्हा बाजेखालची शेगडी कधीच उचललेली असते, लेक सासरी गेलेली असते, आणि बाळंतिणीच्या कार्डावरच्या भेटी संपलेल्या असतात. २०१८ पासून आशाताई बाळासाठी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात पुन्हा घरी येतात. बाळाचे वजन होते, लसी आणि वरचे खाणे विचारले जाते. बाळ त्या वेळी आईच्या मांडीवर असते, आणि तिचे हात गार पडलेत का हे पाहायला तिचा हात हातात घ्यावा लागतो.